बिनतुपाची नानकटाई

मनुष्याच्या मतांची खरी परीक्षा सभेच्या व्यासपीठावर होत नाही, ती ताटावर होते, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. समतेवर, दयेवर किंवा सुधारणेवर तासभर बोलणे कोणासही फारसे जड जात नाही. परंतु समोर आलेला पदार्थ मुखी घालावा की बाजूस सारावा, हे ठरविण्याची वेळ आली म्हणजे मत किती खोल रुजले आहे ते तत्काळ कळते. याचा दाखला शोधण्यास महाराष्ट्राला दूर जावयास नको. 1890 सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळींस जमविले आणि त्यांच्यापुढे चहा व बिस्किटे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेल्यास नुसता हात लावला. पण उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात झळकली आणि गावात ग्रामण्य उभे राहिले. त्या नावांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि प्रायश्चित्ते झाली. आज ती हकीकत वाचून आपणांस हसू येते. परंतु वाचकहो, हसण्यापूर्वी आपल्याच घरातील डब्याकडे एकवार पाहावे. बिस्किटावरून वाद होतो तेव्हा तो बिस्किटाचा नसतो. आपण कोणाच्या हातचे खातो आणि कोणाच्या पंक्तीला बसतो, याचा असतो.

आमच्या घरी हा प्रश्न गेल्या दिवाळीत उपस्थित झाला. आमची कन्या बंगळुरास नोकरीस असते. दोन वर्षांपूर्वी तिने दूध, दही, लोणी, तूप आणि मध या सर्वांचा त्याग केला. या आचारास इंग्रजीत ‘व्हीगन’ असे नाव आहे. 1944 साली इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन व त्यांचे काही सहकारी यांनी एक मंडळ स्थापिले आणि हा शब्दही त्यांनीच प्रचारात आणला. मांस न खाणे एवढ्याने त्यांचे समाधान होत नाही. प्राण्यापासून घेतलेले काहीही नको, असा त्यांचा आग्रह. आमच्यासारख्या पिढीजात शाकाहारी कुळास प्रथम हे सांगणे विचित्रच वाटले. आपण गाईला माता म्हणतो, तिचे दूध घेणे म्हणजे प्रेमाची देवघेव, अशी आमची सोयीस्कर समजूत! कन्येचे म्हणणे असे की, “बाबा, आईचं दूध वासराचं असतं. आणि नर वासराचं पुढे काय होतं, हे कोणी विचारत नाही.” ट्रॅक्टर आल्यापासून बैलाचे काम घटले आहे. रेड्याला तर पूर्वीही फारसे काम नव्हते. 1970 साली सुरू झालेल्या दुग्धयोजनेने देशात दुधाचा पूर आला, आणि दुधाच्या उत्पादनात भारत जगात पहिला आला. परंतु प्रत्येक व्यालेल्या म्हशीमागे एक पारडू असते, हा हिशेब त्या अभिमानात मांडला जात नाही, हे तिचे म्हणणे खोटे नव्हे. याउलट, दोन गाईंच्या दुधाचा पैसा दर आठ-दहा दिवसांनी हाती येतो म्हणून ज्यांची चूल पेटते आणि मुले शाळेत जातात, अशी कोरडवाहू भागातील कुटुंबेही आम्ही पाहिली आहेत. ते आम्ही तिला सांगितले, आणि तेही खोटे नव्हे. वाद असाच चालू राहिला असता तर आम्हांस त्याची खंत नव्हती. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकास वादाची सवयच असते.

खंत निराळीच होती. आमच्या मातोश्रींनी ब्याऐंशी वर्षांच्या हातांनी, साय साठवून, विरजून, घुसळून व कढवून केलेल्या तुपात बेसनाचे लाडू वळले होते. नातीसमोर त्यांनी डबा उघडून धरला. मुलीने लाडू हातात घेतला, कपाळास लावला आणि हलकेच परत ठेवून म्हणाली, “आजी, यात तूप आहे ना!” मातोश्री काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी डब्याला झाकण लावले आणि डबा फडताळात ठेवून दिला. ज्या घरात प्रेम शब्दांनी बोलून दाखविण्याची चाल नाही, तेथे ते वाटीतूनच बोलत असते. ती वाटी परत आली म्हणजे काय वाटते, हे ज्यांनी अशा घरात दिवस काढले त्यांस सांगावयास नको. त्या दिवाळीत आजी व नात एकमेकींशी अत्यंत आदराने वागू लागल्या. आणि घरात आदर एकाएकी वाढला म्हणजे काहीतरी बिनसले आहे, असे समजावे.

मुलीने येताना एक यंत्र बरोबर आणले होते. त्यास ‘एअर फ्रायर’ म्हणतात. फिलिप्स कंपनीने 2010 साली ते या नावाने बाजारात आणले आणि अल्पावधीत इतरांनीही त्याचे अनुकरण केले. नावात तळण असले तरी हे यंत्र तळत मुळीच नाही. वरच्या अंगास विजेने तापणारी तार, तिच्यावर वेगाने फिरणारा पंखा आणि खाली जाळीची टोपली, एवढाच त्याचा संसार. तापलेली हवा पदार्थाभोवती सारखी फिरती राहते, म्हणून पदार्थाच्या अंगावरचा ओलावा झपाट्याने उडतो व कड कुरकुरीत होते. पोकळी लहान असल्यामुळे ती चार-पाच मिनिटांत तापते. थोडक्यात, ही ओट्यावर मावणारी भट्टीच होय. या भट्टीत आजीसाठी बिस्किटे करावयाची, असा मुलीने बेत केला. नातीने आजीचे खाल्ले नाही, तर आजीने नातीचे खावे, हा त्यातील हेतू आम्हांस दिसत होता. मातोश्रींसही दिसत असावा.

तुपावाचून बिस्किट करणे वाटते तितके सोपे नाही. पिठात पाणी पडले की गव्हातील चिकटा जागा होतो आणि पोळीस योग्य असा ताण पिठास येतो. बिस्किटास हा ताण नको असतो. स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणाकणाभोवती लेप देऊन पाण्यास आत शिरू देत नाही, म्हणून बिस्किट खुसखुशीत होते. आपल्या स्त्रिया ज्यास मोहन म्हणतात त्याचे मर्म हेच. तेव्हा तुपाच्या जागी असा पदार्थ हवा, जो तुपासारखाच गारठ्यात थिजतो. तो म्हणजे खोबरेल तेल. सुमारे चोवीस अंशांखाली ते गोठते आणि फेसले असता तुपाप्रमाणे पांढरे व हलके होते. परंतु त्याची बाटली ओट्यावर दिसताच मातोश्रींचे मौन सुटले. “अगं, डोक्याला लावायचं तेल पोटात का घालतेस?” केरळात घरोघर याच तेलात स्वयंपाक होतो, हे आम्ही त्यांस सांगितले, त्यावर त्यांनी आमच्याकडे, केस वाचवू न शकलेल्या तेलाची वकिली करणाऱ्या मनुष्याकडे पाहावे तसे पाहिले.

प्रमाण असे होते: एक वाटी कणीक, पाव वाटी बेसन, अर्धी वाटी गुळाची पूड, अर्धी वाटी थिजलेले खोबरेल, चिमूटभर मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा, वेलदोडा आणि जायफळ. गूळ घेण्यास गोडीखेरीज आणखीही एक कारण आहे. भाजताना पदार्थास जो तांबूस रंग व खमंग वास येतो तो शर्करा आणि प्रथिने यांच्या संयोगाचा असतो. लुई कामील मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 साली तो प्रथम वर्णिला. दूध वगळले म्हणजे त्यातील प्रथिने व शर्करा ही दोन्ही जातात. ती उणीव बेसन आणि गूळ मिळून बऱ्याच अंशी भरून काढतात.

पहिला घाणा एकशे ऐंशी अंशांवर ठेवला होता. तो वरून काळसर आणि खालून फिका निघाला. शिवाय उचलताच बिस्किटांचा भुगा झाला. मुलगी पुनःपुन्हा कृती वाचू लागली. तेव्हा मातोश्री खुर्चीवरून उठल्या, हात धुऊन आल्या आणि उरलेला गोळा त्यांनी तळहातावर घेतला. त्यांनी प्रमाण विचारले नाही. मुठीत पीठ दाबले, मूठ उघडली, आणि म्हणाल्या, “मूठ वळतेय, पण कड फुटतेय. चमचाभर पाणी लाव. आणि जाळ कमी कर. वरून वारा आहे तुझ्या भट्टीला.” नारळाच्या दुधाचा एक चमचा पिठात गेला, आच एकशे पन्नासावर आली, आणि चौदा मिनिटांनी बाहेर काढलेली बिस्किटे मऊ असतानाच उचलावयाची नाहीत, गार होऊन घट्ट होऊ द्यावयाची, हेही त्यांनीच बजावले. वाऱ्याच्या यंत्राचे मर्म, ते कधीही न हाताळलेल्या बाईने एका वाक्यात सांगितले.

हे ज्ञान आले कोठून? आमच्या लहानपणी दिवाळीच्या आधी घरोघरचे रवा, मैदा, पिठीसाखर घेऊन बायका बेकरीत जात. तेथील पत्र्यांवर नानकटाया थापीत, आणि भट्टीत आपला पत्रा आला की तो दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून दारापाशी बसून राहात. आम्ही स्वतः त्या रांगेत डबे सांभाळले आहेत. मातोश्री त्या आठवणी सांगू लागल्या, आणि बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघाले, “तेव्हा तूप कुठलं परवडायला? डालडा असायचा.” डालडा म्हणजे वनस्पतितेलाचे थिजविलेले रूप; ते 1937 सालापासून या देशात होते. त्यातील ट्रान्स मेदाम्लांचे दोष पुढे ध्यानी आले आणि 2022 सालापासून सरकारने त्यांवर शेकडा दोनची मर्यादा घातली, ही गोष्ट निराळी. परंतु ज्या नानकटाईच्या चवीवर आमचे बालपण पोसले तीत दुधातुपाचा थेंबही नव्हता! नात हसली, आजी हसल्या, आणि चार दिवसांचा आदर एका क्षणात घराबाहेर गेला.

त्या रात्री मातोश्रींनी नातीस जवळ बसवून विचारले, “हे तू कोणासाठी सोडलंस?” मुलीने वासराची गोष्ट सांगितली. मातोश्रींनी ती पुरती ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “आम्ही ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खात नसू. माझ्या सासूबाई तर चातुर्मासही पाळत. श्रावणात भाजी सोडायच्या, भाद्रपदात दही, आश्विनात दूध, कार्तिकात डाळी.” आम्ही इंग्रजी ग्रंथांतून ज्या आचाराची पूर्वपीठिका शोधीत होतो, ती आमच्याच माजघरात होती. दया आणि संयम यांसाठी अन्न सोडणे या भूमीस नवे नाही. महात्मा गांधींनी 1912 साली दुधाचा त्याग केला होता. पुढे मोठ्या दुखण्यात, प्रतिज्ञा गाई-म्हशींच्या दुधाची होती या आधारावर, कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनी शेळीचे दूध घेतले. परंतु शब्द पाळला गेला तरी आशय मोडला, ही टोचणी त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने नमूद केली आहे. अन्नाची प्रतिज्ञा किती कठीण असते आणि ती प्रेमाच्या माणसांपुढे अधिकच कशी कठीण होते, याचे याहून प्रांजळ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मातोश्रींनी शेवटी विचारले, “मग याचं उद्यापन कधी?” नात म्हणाली, “आजी, याला उद्यापन नाही.” मातोश्री बराच वेळ गप्प राहिल्या. व्रतास सुरुवात असते तशी सांगताही असते, आणि सांगतेच्या दिवशी वर्ज्य केलेले अन्न पुन्हा पानात येते. त्यांच्या जगातील त्यागास परतीची वाट होती. नातीच्या त्यागास ती नाही, म्हणजे आपल्या हातचा तुपातला लाडू ही मुलगी आता कधीच खाणार नाही, हे त्यांस त्या क्षणी कळले असावे. आमच्या मते त्या घरातील सर्वांत मोठा त्याग त्या वेळी मुलीने केला नाही, मातोश्रींनी केला. त्या एवढेच म्हणाल्या, “बरं. मग तुझा डबा वेगळा करू.”

‘डबा वेगळा’ हा शब्द आपल्या समाजात फार दुःखदायक अर्थाने वापरला गेला आहे. विटाळाच्या, जातीच्या आणि ग्रामण्याच्या वेगळेपणाने पुष्कळांचे आयुष्य नासले. मातोश्रींच्या तोंडी मात्र त्याचा अर्थ अगदी उलट होता. देवापुढे अजूनही तुपाचाच नैवेद्य असतो, आम्ही अजूनही चहात दूध घेतो, आणि मुलीचे आमच्याशी वाद चालूच आहेत. आमच्यापैकी कोणाचेही मत कोणी जिंकलेले नाही. तथापि, दर महिन्यास आमच्या येथून बंगळुरास एक पार्सल जाते. त्यात खोबरेल तेलाची नानकटाई असते. पीठ मातोश्री मळतात, यंत्राची कळ आमचे कुटुंब फिरविते, आणि डब्यावर पत्ता लिहिण्याचे काम आमच्याकडे असते.