न सांगता बंद झालेलं अनुदान

प्रिय मुक्ता,



गॅस एवढा महागला तरी बायका आजीच्या पिढीसारख्या आता रस्त्यावर का येत नाहीत, असं तू विचारलंस. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

१९७२ च्या दुष्काळात मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. तिच्या नेत्यांपैकी मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी. पण धान्य, तेल, साखर, रॉकेल यांसाठी दोघी एकत्र आल्या. बायका थाळ्या बडवत, लाटणी उगारत मोर्चात उतरल्या. भाववाढ रेशनच्या रांगेत सगळ्यांना एकदमच कळायची. त्या रांगेतच बायका एकमेकींशी बोलायच्या.

गॅसचं मात्र तसं झालं नाही. त्याचं अनुदान २०१५ पासून थेट बँकेत यायला लागलं. टाकीचे पूर्ण पैसे आपण मोजायचे, बाजारभाव आणि सवलतीचा दर यांतला फरक मागाहून खात्यात. मे २०२० मध्ये दर उतरले, द्यायला फरकच उरला नाही. तेव्हा टाळेबंदी होती. पुढे दर चढत गेले, मार्च २०२३ मध्ये मुंबईत टाकी ११०२ रुपये ५० पैशांवर पोचली. आपल्यासारख्यांचं अनुदान मात्र परतलं नाही. जून २०२० पासून ते दिलंच जात नाही, हे सरकारने स्पष्ट सांगितलं जून २०२२ मध्ये. मोर्चा काढायला एक तारीख लागते गं. ती तारीखच आपल्याला मिळाली नाही.

आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या ताईंना सरकारच्या उज्ज्वला योजनेतली टाकी आहे. पण ती पाहुण्यांच्या चहापुरती. पोरांनी उगाच पेटवू नये म्हणून रेग्युलेटर काढून फडताळात ठेवलेला, भाकऱ्या चुलीवर. उज्ज्वलाच्या घरांत वर्षाला सरासरी चार टाक्याही भरल्या जात नाहीत, असं कॅगने २०१९ मध्येच नोंदवलं होतं. त्यांना नंतर टाकीमागे २०० आणि मग ३०० रुपये मिळू लागले, तरी उरलेली रक्कम एकरकमी उभी करणं रोजच्या मजुरीवर जगणाऱ्या घराला जड जातं.

सरसकट अनुदान परवडत नाही, हे तुझं म्हणणं मला पटतं. ज्याला झेपतं त्याने पूर्ण पैसे द्यावेत. पण कुणाचं, किती आणि कधीपासून बंद होणार, हे आधी जाहीर व्हायला हवं, त्यावर संसदेत वाद व्हायला हवा. वाचलेला पैसा चुलीपुढे खोकणाऱ्या बाईपर्यंत पोचला का, याचा हिशेब मिळायला हवा. तू अर्थशास्त्र शिकतेस. हा हिशेब मागणं तुझं काम आहे.

आणि यासाठी मोर्चा ठरला, तर तारीख कळव. मी येणार.

तुझी,
मावशी