पांचगणीचा प्रतिध्वनि

मुद्रित गाण्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग करतां येतील. बंद खोलींत पुन्हां पुन्हां गाऊन, चुकला भाग काढून टाकून सिद्ध केलेलें गाणें पहिल्या वर्गांत पडतें. भरल्या सभेंत गायक गात असतांना यंत्रानें टिपून घेतलेलें दुसऱ्या वर्गांत. पहिलें धुऊन, इस्त्री करून ठेवलेल्या उपरण्यासारखें असतें. दुसऱ्याला गर्दीचा व घामाचा वास असतो. रसिक मंडळींत या दोहोंवरून पुष्कळ वाद झडतात. माझा कौल बहुधा दुसऱ्या बाजूला पडतो. त्याचें कारण सांगावयाचें तर आमच्या महाबळेश्वरच्या शेजारगांवीं वाढलेल्या एका मुलाची हकीकत आधीं सांगितली पाहिजे.

या मुलाचें नांव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबार बेटावरचा, घराणें पारशी, वडील तेथील ब्रिटिश अंमलांत सरकारी नोकरींत. १९५५ सालीं, म्हणजे वयाचीं नऊ वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं तेव्हां, त्याला समुद्र ओलांडून पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेंत पाठविण्यांत आलें. तेथें सोबत्यांनीं त्याचा फ्रेडी केला. तो पियानो शिकला, आणि १९५८ च्या सुमारास पांच विद्यार्थ्यांनीं मिळून काढलेल्या 'हेक्टिक्स' नांवाच्या वाद्यवृंदांत वाजवूं लागला. तो काळ रॉक अँड रोलच्या पहिल्या भराचा. त्या गाण्यांचे पडसाद सह्याद्रीच्या माथ्यावरील वसतिगृहापर्यंतहि पोंचले होते. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, या वृंदाचा मुख्य गायक दुसराच मुलगा होता. आमचा फ्रेडी बाजूला पियानोवर असे.

पुढें १९६४ सालच्या झांझिबारच्या क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेलें. १९७० सालीं 'क्वीन' हा वृंद निघाला, फारोख बुलसाराचा फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि नंतरचा इतिहास जगाला ठाऊक आहे. १३ जुलै १९८५ रोजीं लंडनच्या वेम्ब्ली क्रीडांगणावर, इथिओपियांतील दुष्काळपीडितांसाठीं झालेल्या जलशांत, त्यानें जेमतेम वीस-एकवीस मिनिटांत सारें मैदान जिंकलें. वर्षभरानें, १९८६ च्या जुलैच्या ११ व १२ तारखांना, क्वीनचे स्वतःचे कार्यक्रम त्याच जागीं झाले. दुसऱ्या रात्रींच्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका १९९२ सालीं बाहेर आली. त्यापूर्वींच, २४ नोव्हेंबर १९९१ रोजीं, एड्सच्या विकारानें गायकाचा अंत झाला होता.

माझ्या हातीं ती ध्वनिमुद्रिका कॅसेटच्या रूपानें आली, त्या वेळीं मी नुकताच इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक झालों होतों. मी तीं गाणीं शब्दांसाठीं ऐकूं लागलों, कारण तोच माझा धंदा. परंतु थोड्याच दिवसांत ध्यानांत आलें कीं, ज्या भागाकडे माझें मन पुन्हां पुन्हां धांव घेतें त्यांत शब्द मुळींच नाहींत. एका जागीं वाद्यें थांबतात. गायक एकटाच पुढें येऊन कांहीं निरर्थक अक्षरांवर एक स्वरावलि घेतो, आणि समोरचा समुदाय ती जशीच्या तशी परत करतो. मग तो ती लांबवितो, वांकवितो, वर चढवितो. समुदाय मागोमाग येतो. कोठें तो मुद्दामच अशी अवघड फिरत घेतो कीं सत्तर हजार गळे अडखळतात, आणि त्या अडखळण्याचेंहि हंसूं होतें. ज्यानें आपल्याकडील तराणा ऐकला आहे त्याला निरर्थक अक्षरांचें सामर्थ्य सांगावयास नको. आणि ज्यानें देवळांतील कीर्तन ऐकलें आहे तो बोवांनीं घोष सुरू करून सभेवर सोंपवावा, ही रीति ओळखील. बोवांची खरी परीक्षा आख्यानांत होत नाहीं. मागच्या खांबाला टेकलेला, अर्धवट पेंगुळलेला श्रोता घोषांत ओंठ हलवूं लागतो कीं नाहीं, तेथें होते.

या प्रश्नोत्तरामागें एक भौतिक अडचणहि आहे. आवाज हवेंतून सेकंदाला सुमारें ३४० मीटर चालतो. म्हणजे व्यासपीठापासून दीडशे मीटरांवर उभ्या असलेल्या माणसाला गायकाचा स्वर जवळजवळ अर्ध्या सेकंदानें ऐकूं येतो, आणि त्याचें उत्तर परत यावयास पुन्हां तितकाच वेळ लागतो. त्यामुळें समुदायाचा आवाज एका ठोक्यांत पडत नाहीं. तो पुढून मागें उलगडत जातो. पावसाळ्यांत आमच्या दऱ्यांवरून सर पुढें सरकतांना दिसते, तशी ती टाळ्यांची सर कानांना जवळजवळ दिसते. बंद खोलींत ध्वनियोजकानें कितीहि कसब केलें तरी हें अंतर त्याला निर्माण करतां येणार नाहीं, कारण त्यासाठीं तेवढीं माणसें तेवढ्या दूरवर उभीं असावीं लागतात.

महाबळेश्वरास केट्स पॉइंटजवळ इको पॉइंट म्हणून जागा आहे. तेथें येणारा प्रत्येक प्रवासी दरीकडे तोंड करून एकदां तरी हांक मारतो. माझ्या लहानपणापासून मी हा खेळ पहात आलों आहें. पहिल्या प्रतिध्वनीचा आनंद मोठा असतो, दुसऱ्याचा कमी, आणि चौथ्या हांकेला मुलें कंटाळून मक्याच्या कणसाकडे वळतात. दरी आपलेंच आपल्याला देते; पदरचें कांहीं घालीत नाहीं. वेम्ब्लीच्या मैदानानें गायकाला जें परत केलें त्यांत मात्र त्याचा आवाज नव्हता. त्यांत सत्तर हजार निराळे आवाज होते. कांहीं बेसूर, कांहीं बसलेले, कांहीं नुकतेच फुटलेले. बालवयांत घर सोडून वसतिगृहांत झोंपलेल्या मुलाला दोन्ही उत्तरांतील फरक आपल्याहून लौकर कळला असेल काय, हें मी सांगूं शकत नाहीं. पण दरवर्षीं मोटारींतून ट्रंका उतरवून घेणारीं पांचगणीचीं लहान मुलें पाहिलीं म्हणजे हा प्रश्न मनांत येतो खरा.

निव्वळ जिवंत कांहींच नसतें, हेंहि ही ध्वनिमुद्रिका शिकविते. क्वीनचें सर्वांत गाजलेलें गाणें 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' १९७५ सालचें. त्याच्या मधल्या भागांत गळ्यांवर गळे चढवून असा डोलारा रचलेला आहे कीं, चौघांना तो व्यासपीठावर प्रत्यक्ष गातां येणें शक्यच नव्हतें. म्हणून जलशांत तो भाग आला कीं चौघेहि आंत निघून जात आणि जुनी ध्वनिफीत वाजे. रिकाम्या व्यासपीठावर नुसते दिवे नाचत. कोणी याला फसवणूक म्हणेल. परंतु त्या वेळीं गायक नसतांना गाणें अडून रहात नाहीं; समोरचे लोक फितीबरोबर गात असतात. रिकाम्या व्यासपीठासमोर गाण्याचा सराव त्यांनीं जणूं आधींच करून ठेवला होता.

आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणत असूं. त्यांचा कान मिरजेच्या वळणाचा. खांसाहेब अब्दुल करीम खां १९३७ सालीं वारले, त्यामुळें त्यांना समोर बसून ऐकण्याचें भाग्य नानांना लाभलें नाहीं. तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांवर त्यांनीं तहान भागविली. भास्करबुवा बखल्यांची तर एक तबकडीहि नाहीं, याची हळहळ ते शेवटपर्यंत करीत. असल्या माणसाला मीं एके दिवशीं ही इंग्रजी कॅसेट ऐकविली. त्यांनीं डोळे मिटून सगळी बाजू ऐकली आणि म्हणाले, "अरे, वाद्यांचा गोंगाट मला सोसत नाहीं. पण याची सभा मात्र सुरांत आहे." गायकाविषयीं याहून मोठी पावती त्यांनीं कोणाला दिलेली मला आठवत नाहीं.

नाना जाऊन आतां बरीच वर्षें झालीं. त्यांचा आवाज आम्हीं कधीं मुद्रित करून ठेवला नाहीं. त्या पिढीच्या घरांत कोणी तसें करीत नसे. परंतु साताऱ्यास झालेल्या एका खाजगी मैफलीची, कोणा हौशी माणसानें घेतलेली फीत माझ्यापाशीं आहे. गाणारा मध्यम प्रतीचा. तंबोराहि थोडा उतरलेला. मारव्याच्या एका जागेवर मात्र डावीकडून स्पष्ट ऐकूं येतें, "वा!" तो आवाज नानांचा. एवढें एकच अक्षर जगांत शिल्लक आहे. ध्वनिमुद्रण करणारा शास्त्रशुद्ध असता, तर खोकला, चहाच्या पेल्यांचा आवाज आणि असले उद्गार त्यानें गाळून टाकले असते, आणि माझे वडील त्यांच्याबरोबर गेले असते.

तेव्हांपासून वेम्ब्लीची ती रात्र मी निराळ्या रीतीनें ऐकतों. गायक गेला, ९ ऑगस्ट १९८६ रोजीं नेब्वर्थ येथें त्या चौघांचा अखेरचा जलसा झाला, जुनें क्रीडांगणहि पुढें पाडण्यांत आलें व २००७ सालीं त्या जागीं नवें उभें राहिलें. त्या रात्रीं विशीत असलेले श्रोते आज साठीच्या घरांत आहेत, आणि कित्येक गेलेहि असतील. त्यांच्या घरच्या माणसांना हें माहीत असेल काय, कीं त्यांचा एखादा स्वर त्या गदारोळांत कोठें तरी ठेवलेला आहे?

आमच्या बाजूला फ्रेडी 'आपला' म्हणून अभिमानानें सांगणारे लोक भेटतात. त्यांच्या अभिमानाला मी नांवें ठेवीत नाहीं. तथापि क्वीनसह तो भारतांत एकदांहि गायला नाहीं. पांचगणीनें त्याला पियानोवर वाजवितांना ऐकलें, गातांना ऐकलें तें बहुशः जगानें. आम्हांला त्याच्या सभेंत बसावयाचें तर ही ध्वनिमुद्रिका हाच दरवाजा. तो मात्र उघडा आहे. वाद्यें थांबतात, तो एकटा हांक घालतो, आणि उत्तर देण्यापुरती जागा सोडून थांबतो. प्राध्यापकाला शोभत नसलें तरी, घरांत कोणी नसतांना, त्या जागेंत मीहि माझा बेसूर आवाज मिसळून देतों.