हात लावू नकोस

पूर्वी घरातला रेडिओ उंच फळीवर असायचा, पोरांचे हात पोचणार नाहीत अशा बेताने. आमच्या मिरजेच्या घरातही तसाच होता. त्याला लायसन लागायचं. दरवर्षी पोस्टात पैसे भरून पुस्तिकेवर शिक्का घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ती पद्धत बंद झाली. बटण फिरवल्यावर आतले व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग घरघर, शिट्ट्या आणि शेवटी सांगली केंद्र. सुई नेमकी तिथे आणून ठेवण्याचा मान आजोबांचा. आम्हाला एवढंच सांगितलेलं असे, हात लावू नकोस.

टेलिफोनचंही तेच. गल्लीत एखाद्याच घरी फोन. बाकीचे आपल्या कार्डावर त्यांचाच नंबर छापून पुढे ‘पी.पी.’ लिहीत. तबकडीच्या एका भोकात चिमुकलं कुलूप अडकवलेलं असे, म्हणजे कुणी गुपचूप नंबर फिरवू नये. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसायचं. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग; लाइटनिंगला साध्याच्या आठपट पैसे. तीन मिनिटं झाली की ऑपरेटरचा आवाज मध्ये यायचा आणि बोलणारा घाम पुसत खुशाली आवरती घ्यायचा. तारेत तर शब्दागणिक दाम, म्हणून लग्नाच्या शुभेच्छासुद्धा पोस्टाच्या छापील यादीतला क्रमांक सांगून पाठवायच्या.

आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेली माणसं या शिस्तीत वाढली. यंत्र महागाचं, ते दुसऱ्याच्या मालकीचं आणि चुकलं तर भुर्दंड आपल्याला, हे त्यांच्या बोटांनी जन्मभर घोकलंय. व्हिडिओ कॉलवर भाच्याशी बोलताना आत्या अजून मोठ्याने बोलते आणि दोन मिनिटांत ‘ठेवते हं, बिल वाढेल’ म्हणते.

तीन वर्षांच्या पोराला ही भीती ठाऊकच नाही. ते मोबाइलवर दहा चुकीच्या जागी बोट लावतं, अकराव्या वेळी त्याला हवं ते गाणं लागतं. मधल्या दहा चुकांचे कुणी पैसे मागत नाही, कुणी ओरडतही नाही. ‘हल्लीच्या पोरांना उपजतच येतं’ असं आपण कौतुकाने म्हणतो. मला ते अर्धंच खरं वाटतं. कोवळी बुद्धी लवकर धरते हे मान्य, पण चुकायची मोकळीक ही त्याहून मोठी गोष्ट आहे आणि ती म्हाताऱ्यांना आपण देत नाही.

दुसरं असं, की तेव्हा प्रत्येक यंत्राशी एक माणूस असायचा. तार मास्तर असायचे. पत्र वाचून दाखवणारा, वेळेला मनीऑर्डरचा फॉर्मही भरून देणारा पोस्टमन असायचा. पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले, तर तिथला पोरगा आजीला नंबर लावून द्यायचा. आपल्याला येत नाही हे सांगण्यात कमीपणा नव्हता, कारण ते येणं हे त्या माणसाचं कामच होतं. ती सगळी माणसं मधून निघून गेली आणि त्यांचं काम काचेच्या एका पट्टीवर येऊन पडलं. ओटीपी काही थांबत नाही. चष्मा शोधेपर्यंत त्याची मुदत संपते.

त्यात बोटंही साथ देत नाहीत. स्पर्शाचा पडदा बोटातून जाणारी सूक्ष्म वीज ओळखतो. म्हातारपणी कातडी कोरडी पडते, म्हणून टिचकी कधी लागतच नाही, आणि हात कापला तर एकाच्या दोन लागतात. पूर्वी नोव्हेंबरात पेन्शनर बँकेत रांगेत उभे राहून हयातीचा दाखला देत. २०१४ साली ‘जीवन प्रमाण’ आलं आणि दाखला घरबसल्या देता येऊ लागला. पण यंत्राला बोटाचा ठसा द्यायचा, आणि आयुष्यभर भांडी घासून, शेतात राबून झिजलेले ठसे त्यावर उमटेनात. चेहरा दाखवून हयात सिद्ध करायची सोय २०२१ साली झाली, तेव्हा कित्येकांचा जीव भांड्यात पडला असेल.

म्हणून म्हातारपणी शिकता येत नाही असं नाही. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी साड्या नेसून, पाटी-दप्तर घेऊन साठीच्या पुढच्या बायका तिथे अक्षरं गिरवायला बसल्या. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की वर्गात सगळ्या एकाच वयाच्या. शेजारणीचंही अक्षर वाकडंच. मोबाइलसाठी अशा शाळा गावोगाव, प्रत्येक वाचनालयात हव्यात.

घरी आपण काय करतो? आईने एक गोष्ट विचारली की फोन तिच्या हातून काढून घेतो, पाच सेकंदांत काम उरकतो आणि परत देतो. काम होतं, तिला मात्र काहीच दिसलेलं नसतं. सायकल शिकवताना याच आईने मागून सीट धरली होती, हँडल मात्र आपल्या हातात दिलं होतं.

आमच्या आईने यावर स्वतःच उपाय काढला. फोन टेबलावर ठेवायचा, नातवाने हात मागे बांधायचे आणि तोंडाने सांगायचं. एकेक पायरी ती वहीत लिहून घेते, खुणेची चित्रंसुद्धा काढते. विजेचं बिल आता तीच भरते. कळफलकावर टाइप करणं तिला जमत नाही, म्हणून माइकच्या खुणेवर बोट ठेवून मराठीत बोलते आणि उमटलेली अक्षरं वाचून तपासते. ऱ्हस्वदीर्घ चुकलं असेल तर पुसून पुन्हा बोलते. गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू ती वही झेरॉक्स करायला घेऊन गेल्या.