माझी एक ओळ

आमच्या दुकानात काय काय मिळतं ते आधी सांगते. वह्या, पेनं, कंपासपेट्या, चार्ट पेपर, प्रकल्पाला लागणारे चकचकीत कागद, झेरॉक्स, लॅमिनेशन. शिवाय बातम्या. त्या मात्र फुकट! दुकान शाळेच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे कुणाच्या बाईंची बदली झाली, सहामाहीचं वेळापत्रक कधी लागणार, उद्या सुट्टी आहे की नाही, हे सगळं माझ्या काउंटरवर मुख्याध्यापकांच्या आधी कळतं. सातारा जिल्ह्यातलं आमचं हे तालुक्याचं गाव लहान आहे, आणि आपल्याला सगळ्यांच्या आधी कळतं याचा मला चांगलाच अभिमान होता. ही गोष्ट त्या अभिमानाची आहे.

जून २०१८. शाळा सुरू होऊन आठवडा झाला होता. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुस्तकांना कव्हरं, दाखल्यांच्या झेरॉक्स, मधूनच एखादं पोर चप्पल तुटली म्हणून स्टेपलर मागायला यायचं. अशा गर्दीत माझ्या थोरल्या नणंदेचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला. "सावधान! आपल्या जिल्ह्यात मुलं पळवणारी टोळी आली आहे. टोळीतली माणसं साधू, भिकारी, पोलीस अशा वेशांत फिरतात. आत्तापर्यंत पंधरा मुलं गायब. जास्तीत जास्त लोकांना पाठवा." सोबत एक व्हिडिओ. गल्लीत मुलं खेळताहेत. मोटारसायकलवरून दोघं येतात, एका लहानग्याला उचलतात आणि भुर्रकन निघून जातात.

माझ्या पोटात गोळाच आला. व्हिडिओ डोळ्यांसमोर होता. आणि पाठवणारी कोण? नणंद! निवृत्त शिक्षिका, गणिताची, दुधाचा हिशेबसुद्धा दोनदा तपासणारी. ती उगाच काही पाठवणार नाही. मी लगेच तो मेसेज पालकांच्या तीन ग्रुपवर, भिशीच्या ग्रुपवर आणि माहेरच्या ग्रुपवर टाकला. नुसता टाकला नाही, तर खाली माझी एक ओळ जोडली: "पालकांनो, शाळेजवळ लक्ष असू द्या." आणि दुकानाचं नाव. वर पुन्हा एक चांगलं काम केल्याचं समाधान.

तिसऱ्या दिवशी तोच मेसेज माझ्याकडे परत आला. पाठवणारे होते आमचे दूधवाले. पण माझी ओळ आता अशी झाली होती: "शाळेजवळ लक्ष ठेवून आहेत. झेरॉक्सवाल्या बाईंनी स्वतः पाहिलं."

बघा हं, "असू द्या" गेलं आणि "ठेवून आहेत" आलं. लक्ष ठेवायला मी पालकांना सांगितलं होतं, ते आता टोळी ठेवू लागली! बहुधा कुणी तरी घाईघाईत स्वतःच्या शब्दांत लिहिलं असेल, आणि पुढच्या कुणाला ते पुरेसं वाटलं नसेल म्हणून त्याने साक्षीदार जोडला असेल. मुद्दाम खोटं लिहिणारा त्यात एकही नसेल, असं मला आजही वाटतं.

मी काय केलं? मी हसले. "काय तरी बाई लोक!" असं म्हणून फोन गल्ल्यात ठेवला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दुरेघी वही दिली. माझी खरी चूक हीच. पहिल्यांदा पाठवताना मला खोटं आहे हे माहीत नव्हतं. आता तर माझ्याच नावावर खोटं फिरतंय हे मला माहीत होतं, आणि मी गप्प बसले.

आता बहुरूप्याविषयी. तुमच्यापैकी शहरातल्या मुलांनी कदाचित पाहिला नसेल. बहुरूपी म्हणजे नाना सोंगं घेऊन दारोदार फिरणारा कलाकार. पिढ्यान्‌पिढ्यांचा हा धंदा. आमच्याकडे दरवर्षी पाऊस जोर धरायच्या आत एकजण यायचा, पोलिसाच्या सोंगात. खाकी शर्ट, आडवी टोपी, कुठल्या तरी शाळेच्या बँडातला वाटावा असा पट्टा. दारात येऊन दरडावायचा, "वॉरंट आहे तुमच्या नावाचं! गुन्हा काय, तर चहात तीन चमचे साखर!" मग शिट्टी फुंकायचा. मुलं त्याच्या मागे मागे. तोही खिशातून लिमलेटच्या गोळ्या काढून त्यांना द्यायचा. माझ्या दुकानावर तर दरवर्षी एकच आरोप: "बाई, तुमच्या खोडरबरानं पाढे पुसले जातात!"

आता तो मेसेज पुन्हा वाचा. पोलिसाचा वेश. मुलांना गोळ्या. शाळेजवळ.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारच्या सुट्टीत, फाटकाबाहेर गलका ऐकू आला. मला वाटलं, पोरांची मारामारी. बाहेर येऊन बघते तर तीस-चाळीस माणसं गोल करून उभी, आणि मध्ये तो. टोपी चिखलात पडलेली, ओठ फाटलेला, शर्टाची बाही लोंबतेय. "कुणाच्या टोळीतला रे तू?" असं विचारत होते आणि उत्तर द्यायच्या आत मारत होते. पोस्टातले निवृत्त काका ओरडत होते, "अरे, याला मी वीस वर्षं ओळखतो!" पण त्यांचा आवाज पोचत नव्हता. शाळेचे पीटीचे सर कसेबसे मध्ये शिरले होते.

मी पुढे गेले. एक तरुण मुलगा मला अडवायला लागला. बाहेरच्या वस्तीवरचा असावा, मला ओळखत नव्हता. "बाई, तुम्ही लांब राहा. आमच्याकडे पुरावा आहे," म्हणाला आणि मोबाईल माझ्यासमोर धरला. "हे वाचा. झेरॉक्सवाल्या बाईंनी स्वतः पाहिलंय."

"मीच ती झेरॉक्सवाली बाई," मी म्हटलं. "मी काहीही पाहिलेलं नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "मग पाठवलं कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर अजून सुचलेलं नाही.

पण त्या क्षणभराच्या शांततेत पीटीच्या सरांनी त्याला ओढून माझ्या दुकानात ढकललं. मी शटर खाली घेतलं आणि १०० नंबर फिरवला. पोलीस येईपर्यंत वीस मिनिटं गेली असतील. बाहेर शटरवर थापा पडत होत्या. आत तो कागदाच्या गठ्ठ्यांवर बसला होता. मी पाणी दिलं, ते त्याला ओठामुळे नीट पिता येईना. पिशवीतून त्याने स्वतःचं आधार कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. मी मागितलं नव्हतं. त्याला दोन मुलं होती, धाकटी पाचवीत. वह्यांकडे बघत त्याने हळूच विचारलं, "दोनशे पानी केवढ्याला?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. माझा भाचा, म्हणजे त्याच नणंदेचा मुलगा, तेव्हा दहावी होऊन अकरावीच्या प्रवेशाची वाट बघत आमच्याकडे राहायला आला होता. तो म्हणाला, "मामी, हा व्हिडिओ आहे तरी कुठला ते बघू या का?" खरं तर हा प्रश्न मला पहिल्याच दिवशी पडायला हवा होता. त्याने व्हिडिओ मध्येच थांबवला, त्या चित्राचा स्क्रीनशॉट घेतला आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर गूगलच्या चित्रशोधात टाकला. आपण शब्द टाकून शोधतो ना, तसं तिथे चित्र टाकून शोधता येतं. तेच किंवा तसंच चित्र आणखी कुठे कुठे आलं आहे, ते समोर येतं. त्यातलं सगळ्यांत जुनं शोधायचं.

पाच मिनिटांत उत्तर आलं. तो व्हिडिओ कराचीचा, म्हणजे पाकिस्तानातला! तिथल्या 'रोशनी हेल्पलाइन' या हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेने तो २०१६ साली लोकांना सावध करण्यासाठी बनवला होता. सगळा अभिनय. आम्ही पूर्ण व्हिडिओ पाहिला. शेवटी ती मोटारसायकल परत येते, मुलाला खाली उतरवतात आणि लोकांना सावध करणारा एक फलक दाखवतात. आपल्याकडे फिरताना हा शेवटचा भागच कापलेला होता. मूल परत येतं, एवढंच नेमकं गायब!

मग भाच्याने आईला फोन लावला. "आई, तुला कुणी पाठवलं?" तिला कराडच्या मैत्रिणीने. मैत्रिणीला पुण्याच्या जावयाने. जावयाला ऑफिसातल्या एकाने. असं करत सहा माणसांपर्यंत पोचलो, पुढे धागा तुटला. सहाच्या सहा चांगली माणसं. प्रत्येकाने आधीच्यावर विश्वास ठेवला होता आणि प्रत्येकाला वाटलं होतं, त्याने खात्री केली असेल.

दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात विचारलं, जिल्ह्यात पंधरा मुलं गायब झाली आहेत का? हवालदार म्हणाले, "अहो, अशी एकही तक्रार नाही. पण विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्याच." मेसेजमध्ये तारीख नव्हती, गावाचं नाव नव्हतं, एकाही मुलाचं नाव नव्हतं. नुसतं "आपल्या जिल्ह्यात". म्हणजे ज्या जिल्ह्यात वाचाल तो!

मी पाचही ग्रुपवर लिहिलं की तो मेसेज खोटा आहे, मी काहीही पाहिलेलं नाही, माझं चुकलं. भिशीच्या ग्रुपवर दोन अंगठे आले. पालकांच्या एका ग्रुपवर त्याच दुपारी कुणीतरी पुन्हा मूळ मेसेज टाकला.

आणि २ जुलैला पेपर उघडला. आदल्या दिवशी, रविवारी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथे आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, बहुतेक मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने त्यांना मारून टाकलं. पाचही जणांना. मी ती बातमी काउंटरवर उभ्याने वाचली आणि मग खाली बसले. आमच्याकडे पीटीचे सर होते, पोस्टातले काका होते, शटर होतं. तिथे त्यांना ओळखणारं कुणीच नव्हतं.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने दोन बदल केले. पुढे ढकललेल्या मेसेजवर तशी खूण दिसू लागली, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं ठरलं. लोक म्हणाले, बरं झालं. भाच्याने मात्र कागद घेतला. एका ग्रुपात तेव्हा २५६ माणसं बसत. पाच गुणिले २५६ किती? १२८०. "मामी, तू पण पाचच ठिकाणी पाठवलं होतंस," तो म्हणाला. हल्लीच्या मुलांना गणित चांगलं येतं, पण कुठे करू नये ते कळत नाही.

हे सगळं भीतीच्याच मेसेजचं होतं असं नाही बरं का. ऑगस्टमध्ये एक मजेदार मेसेज वर्षानुवर्षं फिरत आला आहे: आज रात्री मंगळ चंद्राएवढा दिसणार! त्याचंही मूळ खरं आहे. २७ ऑगस्ट २००३ रोजी मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ, सुमारे साडेपाच कोटी किलोमीटरवर आला होता. गेल्या जवळजवळ साठ हजार वर्षांत तो इतका जवळ नव्हता. ७५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून तो जेवढा दिसेल, तेवढा आपल्याला नुसत्या डोळ्यांनी पूर्ण चंद्र दिसतो, असं तेव्हा लिहिलं गेलं. पुढे फिरता फिरता दुर्बीण गळाली, वर्ष गळालं आणि मंगळ चंद्राएवढा झाला. तो खोटेपणा तपासायला कॉम्प्युटरही लागत नाही, गच्चीवर गेलं की झालं. माझ्या ओळीचंही तसंच झालं होतं. फक्त मंगळाला कुणी मारत नाही.

आता दुकानात कुणी काकुळतीने एखादा मेसेज दाखवला की मी आधी विचारते, "कधीचं? कुठलं? तुम्हाला कुणी पाठवलं, आणि त्यांना कुणी?" पुष्कळांना राग येतो. नणंदेलाही आला होता, दिवाळीपर्यंत बोलली नाही. मूल खरोखर हरवलं असेल तर हातात फोन आहेच, पण तो ग्रुपवर मेसेज टाकायला नव्हे, ११२ किंवा १०९८ लावायला, हे मी काउंटरच्या काचेखाली मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं आहे.

बहुरूपी पुढच्या वर्षी आला. मी वाटच बघत होते म्हणा ना. पण अंगावर खाकी नव्हती. साधा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. मुलं म्हणाली, "काका, पोलीस व्हा ना!" तो नुसता हसला. पिशवीतून एक कागद काढून त्याने माझ्यापुढे ठेवला. गावात शिरायच्या आधी पोलीस ठाण्यात जाऊन नाव नोंदवल्याचा, शिक्का मारलेला कागद. घड्यांवर फाटायला आला होता.

"याच्या दोन झेरॉक्स द्या, आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करा," तो म्हणाला. "प्रत्येक गावात दाखवावा लागतो, पावसात भिजतो."

मी करून दिलं. पैसे नको म्हटलं. त्याने ऐकलं नाही. नाणी मोजून काउंटरवर ठेवली, कडा अजून गरम असलेला तो कागद पिशवीत घातला आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाला,

"ताई, यंदा माझ्यावर मोबाईलमध्ये काही लिहू नका हं."