टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या

कोहमारा हे चौरस्त्याचे गाव. महामार्गावरून नागपूर-रायपूरची वाहने रात्रंदिवस धावतात. एक रस्ता गोंदियाकडे फुटतो, एक नवेगावबांधकडे. आमच्याकडे सभा भरते ती समाजमंदिरात, नाहीतर शाळेच्या पटांगणात मांडव टाकून. सभेसाठी कुणी एवढा मोठा महाल बांधतो, हे मुलांना पटत नाही. म्हणून इंग्रजी अमदानीचा धडा आला की आम्ही मुंबईच्या टाऊन हॉलची गोष्ट सांगतो.

सर जेम्स मॅकिन्टॉश यांनी 1804 मध्ये मुंबईत एक विद्वत्सभा स्थापली. तीच पुढे एशियाटिक सोसायटी झाली. शहराला टाऊन हॉल हवा, ही कल्पनाही त्यांचीच. पैशांसाठी लॉटरी काढली गेली. लॉटरी आमच्या दीनमध्ये हराम. इंग्रजांनाही ती पुरली नाहीच. उरलेला खर्च कंपनी सरकारने उचलला. आराखडा कर्नल थॉमस काउपर यांचा. 1821 मध्ये सुरू झालेले काम 1833 मध्ये पुरे झाले. दर्शनी भागात प्राचीन ग्रीक मंदिरांच्या धर्तीचे आठ डोरिक खांब आहेत आणि त्यांच्यापर्यंत नेणाऱ्या तीस दगडी पायऱ्या.

एका प्रशिक्षणासाठी मुंबईला गेलो असताना त्या पायऱ्या आम्ही मोजत चढलो. चढताना मान आपोआप वर होते आणि आपण लहान वाटू लागतो. राज्यकर्त्यांना बहुधा हेच हवे होते. 1 नोव्हेंबर 1858 रोजी राणीचा जाहीरनामा याच पायऱ्यांवरून वाचला गेला. त्या दिवशी बहादुरशहा जफर कैदी म्हणून रंगूनच्या वाटेवर होते. जाहीरनाम्यात मात्र वंश आणि धर्म न पाहता समान वागणूक देण्याचे वचन होते.

वचन दिले की ते मागणारेही निर्माण होतात. सोसायटीची दारे सुरुवातीला हिंदी माणसाला बंदच होती; 1840 मध्ये माणकजी कर्सेटजी पहिले हिंदी सभासद झाले. 1883 मध्ये इल्बर्ट बिलाचा वाद पेटला. गोऱ्या आरोपीचा खटला हिंदी न्यायाधीशाने चालवावा की नाही, हा तो वाद. त्या वर्षी एप्रिलमध्ये याच टाऊन हॉलमध्ये जाहीर सभा झाली आणि फिरोजशहा मेहता, तेलंग यांच्या बरोबरीने बद्रुद्दीन तय्यबजी बोलायला उभे राहिले. चारच वर्षांनी ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. इमारत इंग्रजांची, पण आवाज आमचा होता. आमच्या मुलांना हे नाव ठाऊक नसते, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

आतल्या संग्रहात फिरदौसीच्या शाहनाम्याचे हस्तलिखित आहे. अरबी, फारसी, उर्दू हस्तलिखितेही आहेत आणि त्यांची वर्णनात्मक यादी केली ती कायदेपंडित आसफ अली असगर फैजी यांनी. म्हणजे ग्रीक खांबांच्या आड आमची तहजीबही जपून ठेवलेली आहे.

एकदा वर्गातल्या एका मुलीने विचारले, ‘‘सर, वहाँ हमको जाने देते क्या?’’ प्रश्न साधा, पण आमच्या समाजाची अर्धी कहाणी त्यात आली. मोठी इमारत दिसली की आमचे पोर दारातच थबकते. कचेरी असो, बँक असो की वाचनालय. कुणी अडवण्याआधीच ते स्वतःला अडवते.

आम्ही तिला 1954 चा कायदा सांगितला. देशात छापलेल्या प्रत्येक पुस्तकाची प्रत ठरावीक सार्वजनिक ग्रंथालयांकडे पाठवणे त्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक केले. त्यांपैकी एक ग्रंथालय मुंबईचे, आणि कित्येक वर्षे त्याचा पत्ता हाच टाऊन हॉल. उर्दूतले, मराठीतले, उद्या तू लिहिशील ते पुस्तकही तिथे मागून घेतले जाईल. पुस्तकाला जिथे कायद्याने जागा आहे, तिथे ते लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला कोण अडवणार?

पायऱ्या तीसच आहेत. तालीम घेतलेल्या पायांना त्या जड नाहीत. फक्त पहिली पायरी चढण्याची हिंमत घरातून आणि शाळेतून मिळायला हवी.