पादपीठ, पाट आणि यवतचा एक चौरंग

#थ्रेड

१. पुणे–सोलापूर महामार्गावरील यवत येथे एका जुन्या घराची आवराआवर चालू होती. माळवद उतरवून तेथे स्लॅबचे घर बांधायचे होते. अडगळीतून एक सागवानी चौरंग बाहेर आला: चार कातीव पाय, कडेला पितळी पट्टी, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली फळी. जुने सामान विकत घेणारा दारात उभाच होता. पुण्याहून आलेल्या नातीने मात्र तो विकू दिला नाही. “आजी, हा मी नेते. सोफ्यापुढे पाय ठेवायला छान होईल.”

२. आजी एवढेच म्हणाली, “अगं, त्याच्यावर सत्यनारायण बसतो. पाय काय ठेवतेस?”

या एका वाक्यामागे फार मोठा इतिहास आहे. पाय टेकवण्याचे आसन ही जगातील अतिशय जुनी वस्तू. मग मराठी घरात तिला पाय लागणे वर्ज्य कसे झाले?

३. प्रारंभ राजसभेतून करावा लागतो. सिंहासन उंच असे. त्यावर बसणाऱ्याचे पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली छोटे आसन लागे. संस्कृतात त्याला ‘पादपीठ’ म्हणतात. पण सोय हे त्याचे अर्धेच प्रयोजन. राजाचे पाय इतरांच्या जमिनीला लागत नाहीत, हे दाखवणे हे उरलेले अर्धे.

४. १९२२ साली इजिप्तमध्ये तुतानखामुनची कबर सापडली. सुमारे ३,३०० वर्षांपूर्वीच्या त्या कबरीतील पादपीठांवर बांधलेले शत्रू चितारलेले आहेत. राजा बसला की पाय थेट शत्रूंवर! इराणमधील पर्सेपोलिसच्या शिल्पांतही सम्राटाचे पाय अशाच आसनावर टेकलेले दिसतात.

५. भारतातील कवींनी हीच कल्पना अधिक नाजूकपणे मांडली. मांडलिक राजे वाकतात आणि त्यांच्या मुकुटांतील रत्नांनी सार्वभौम राजाचे पादपीठ उजळून निघते, हे वर्णन संस्कृत काव्यांत आणि प्रशस्तींत वारंवार येते. वर्णन सुंदर आहे; अर्थ तोच. एकाचे पाय आणि इतरांची मस्तके एका पातळीवर आणणारी ही वस्तू होती.

६. महाराष्ट्रातील लेण्यांतही पादपीठाची परंपरा दिसते. अजिंठ्याच्या २६ व्या आणि वेरूळच्या १० व्या लेण्यात पाय खाली सोडून बसलेला बुद्ध आहे. या बैठकीला ‘प्रलंबपाद’ म्हणतात. अशा मूर्तींच्या पायांखाली बहुधा पीठ किंवा कमळ कोरलेले असते. राजाचे आसन धर्मोपदेशकाला मिळाले. त्यापुढे वाकणे आता भयाचे राहिले नाही, श्रद्धेचे झाले.

७. घरात मात्र गोष्ट वेगळी घडली. मराठी घराची बैठक जमिनीवरची: गादी, तक्के, लोड, घोंगडी. जो जमिनीवरच बसतो, त्याच्या पायांना वेगळे आसन कशाला? त्यामुळे लाकडाची बुटकी फळी पायांखाली न जाता अंगाखाली आली. शेणाने सारवलेल्या भुईची ओल आणि मुंग्या यांपासून ती जेवणाऱ्याला वाचवू लागली. हाच आपला पाट.

८. ‘पाट’ हा शब्द संस्कृत ‘पट्ट’ वरून आला. पट्ट म्हणजे फळी, तसेच राजासनही. पट्टाभिषेक आणि पट्टराणी या शब्दांत तोच ‘पट्ट’ आहे. म्हणजे जेवायला मांडलेला पाट हा शब्दाने सिंहासनाचा सख्खा भाऊ ठरतो. पाटावर नवरा-नवरी बसतात, ओवाळून घेणारा भाऊ बसतो. त्या घडीपुरता प्रत्येक जण राजा असतो. चौरंगाचा मान याहून मोठा, कारण त्यावर देव बसतो. आजीचा आक्षेप येथून येतो.

९. पुढे ब्रिटिश अमदानीत शिकलेल्या आणि सधन घरांत खुर्च्या आल्या. उंच बैठकीबरोबर पाय टेकण्याची जुनी गरजही परतली. युरोपात तोवर गादी मढवलेली बुटकी बैठक रूढ झाली होती. तिचे नाव ‘ऑटोमन’. फ्रेंचांनी अठराव्या शतकात ते उस्मानी तुर्कांवरून ठेवले. आज शहरांतील दुकानांत हेच नाव चालते आणि जुने चौरंगही त्याच कामासाठी विकले जातात.

१०. नातीला यातले काही ठाऊक नव्हते. पण तिला एक आठवण होती. “आजी, पालखीच्या रात्री तूच तर यावर वारकऱ्यांचे पाय ठेवायचीस!”

हे खरे होते. संत तुकाराम महाराजांच्या पालखीचा मुक्काम लोणी काळभोरनंतर यवतला असतो. तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली हा पालखी सोहळा सुरू केला. यवतच्या काळभैरवनाथ मंदिरात पालखी विसावते आणि गाव पिठलं-भाकरीने वारकऱ्यांचे स्वागत करते. त्या रात्री या घरात दिंडीतील वारकऱ्यांचे पाय परातीत धुतले जात, पुसून चौरंगावर टेकवले जात आणि घरातील सगळे त्यांवर डोके ठेवीत.

११. आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ते पाय आपले नव्हते गं.”

पादपीठाचा सारा इतिहास या उत्तराने उलटा होतो. राजसभेत मालकाचे पाय आसनावर आणि पाहुण्याचे मस्तक खाली. यवतच्या ओसरीवर पाहुण्याचे पाय आसनावर आणि मालकाचे मस्तक खाली. वस्तू तीच, उंचीही जवळपास तीच. आसनावर कोणाचे पाय आहेत, एवढाच फरक.

१२. हा अर्थ लाकडावर कोठेही कोरलेला नाही. चौरंग त्या दिवशी दारातून विकला गेला असता, तर दुकानात त्याची ओळख ‘जुने सागवानी स्टूल’ एवढीच उरली असती. पालखीची रात्र, परात, टेकलेली कपाळे, सगळे आजीबरोबर संपले असते. पुण्याच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोरबाजारात अशा किती वस्तू आपापली गोष्ट हरवून पडल्या असतील!

१३. दिनकर केळकर यांना हे फार लवकर उमगले. राजेरजवाड्यांच्या संपत्तीऐवजी त्यांनी दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या अशा रोजच्या वस्तू जन्मभर जमवल्या. अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने त्यांनी उभे केलेले पुण्यातील ‘राजा दिनकर केळकर संग्रहालय’ १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाले. प्रत्येक घराला संग्रहालय होता येत नाही. नोंद मात्र प्रत्येक घराला ठेवता येते.

१४. ती कशी ठेवावी? पाट किंवा चौरंग उलटा करून पाहावा. हाताने ठोकलेले ओबडधोबड खिळे आणि रंध्याचे असमान फटकारे जुन्या कामाकडे बोट दाखवतात. फुलीच्या खाचेचा स्क्रू असेल, तर तो १९३० च्या दशकानंतरचा. पण तो मागाहूनच्या दुरुस्तीचाही असू शकतो, म्हणून एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. झीज कोठे आहे ते पाहावे. मापे घ्यावीत, छायाचित्र काढावे. जुनी पॉलिश खरवडू नये; वय तिच्यातच असते. आणि सर्वांत आधी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे: यावर कोण बसले?

१५. तो चौरंग अखेर पुण्याला गेला. नातीने फळीखाली एक कागद चिकटवला आहे. त्यावर यवत, घराण्याचे नाव आणि पालखीच्या रात्रीची हकिकत आजीच्या शब्दांत लिहिली आहे. चौरंग सोफ्यापुढेच असतो. घरातले कोणी त्यावर पाय ठेवत नाही. दूरवरून दमून कोणी आले, तर नात तो स्वतः त्यांच्या पायांशी सरकवते.