घावनावरची गरम स्ट्रॉबेरी

मार्च सरत आला की आमच्या पाचगणी-भिलार भागात स्ट्रॉबेरीचं फळ बारीक पडतं. रंग फुल, गोडी चांगली, पण डबीत भरायला आकार नाही. प्रोसेसिंगला घालावं तर तोडणीची मजुरी सुटत नाही. परवा व्यापाऱ्याने चार क्रेट असेच परत केले.

सूनबाई म्हणाली, "आण्णा, फेकू नका. कंपोट करते." मुक्कामाला येणाऱ्या पाहुण्यांचा नाष्टा तीच बघते, तिथं शिकली.

काम सोपं आहे. फळं देठासकट धुवायची. देठ काढून धुतली तर आत पाणी शिरतं. किलोला दीडशे ग्रॅम साखर. अर्धी फळं साखर लावून अर्धा तास ठेवायची, त्यांचंच पाणी सुटतं, वरून घालायचं नाही. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. मग उरलेली अर्धी फळं आणि एका लिंबाचा रस टाकून दोनच मिनिटं, म्हणजे फळ अख्खं राहतं. जास्त आटवलं की जामच्या वाटेला लागतं. साखर कमी, म्हणून टिकत नाही. फ्रीजमध्ये चार दिवस धरा. गरम घावनावर घाला, शिऱ्यावर घाला. मला विचाराल तर आइस्क्रीमवर. खाली गार, वर गरम!

वासानं नात ताट घेऊन पुढं आली. "आजोबा, मला." आणि मला एकदम खालचा पट्टा आठवला. फवारणीची वही काढली. वरच्या पट्ट्याचे दिवस भरले होते. खालच्या पट्ट्यात बुरशीनाशक मारलेलं, लेबलवरच्या मुदतीला अजून एक दिवस बाकी. शिजवलं म्हणजे औषध गेलं असं नसतं. कुठला क्रेट कुठल्या पट्ट्यातला, कुणालाच सांगता येईना. पातेलं खड्ड्यात ओतलं. सून काही बोलली नाही, पोरगी रडली.

खरं सांगतो, त्याच तोडणीचं मोठं फळ सकाळीच डब्यांत भरून गेलं होतं. तेव्हा वही उघडली नव्हती.

आता क्रेटला खडूने पट्टा आणि फवारणीची तारीख लिहितो. खालची तोडणी दोन दिवस पुढं ढकलली, व्यापारी चिडला. दुसऱ्या दिवशी वरच्या पट्ट्यातलं किलोभर फळ मी स्वतः तोडून आणलं. नातीनं तीन घावनं खाल्ली.